मास्तर विरुद्ध डावा हात

मास्तर ते वाक्य बोलले तेव्हा त्यांच्या तोंडात चार टाचण्या होत्या. नंतर बायको म्हणाली, टाचण्यांमुळे चुकून निघून गेलं असेल. चुकून कसलं! चाळीस वर्षं टाचण्या ओठात धरून गिऱ्हाइकाशी बोलणारा टेलर तो. त्याला टाचण्यांची काय अडचण? चांगलं स्वच्छ बोलले.

"तो तुमचा चॅम्पियन ना, त्याला उगाच डोक्यावर बसवलाय लोकांनी. अर्धा बॉक्सर आहे तो."

झालं. समोर उभा होता समोरचाच सलूनवाला. नव्या पँटची ट्रायल द्यायला आलेला, एक पाय टाचून झालेला, दुसरा बाकी. आणि हा सलूनवाला म्हणजे चॅम्पियनचा असा भक्त की त्याच्या दुकानात आरसा एक आणि चॅम्पियनचे फोटो सात. एकतीस सामने, एकतीस विजय, प्रत्येकाची तारीख त्याला पाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोला विचारायचा.

"मास्तर, दुसऱ्या कुणी म्हटलं असतं ना, तर आत्ताच्या आत्ता..."

"आत्ताच्या आत्ता काय? हलू नकोस. टोचेल."

"अर्धा बॉक्सर कसा? सांगा ना, कसा?"

आता मास्तरांचं बॉक्सिंगचं ज्ञान कुठून आलं, ते सांगायला पाहिजे. त्यांच्या दुकानात टीव्ही नाही. टीव्ही सलूनमध्ये. पण मास्तरांचं मशीन बरोबर अशा जागी की मान वर केली की रस्त्यापलीकडे सलूनचा मोठा आरसा दिसतो आणि आरशात टीव्ही. तर मास्तर सगळे सामने आरशातून बघायचे, फुकट, पायाने मशीन चालवत.

"त्याचा डावा हात बघ," मास्तर म्हणाले. "कायम छातीशी. वीतभर पुढे येतो की लगेच घरात. सगळं काम उजव्या हाताने. अरे, डावा हात लांब फेकून समोरच्याला दूर ठेवायचं, ही बॉक्सिंगची पहिली शिकवण. याचा डावा म्हणजे शिवून टाकलाय जसा काही."

"त्याला ढाल म्हणतात, मास्तर! पेपरात येतं. स्टाइल आहे ती!"

"स्टाइल? मी तुला एका बाहीचा कोट शिवून दिला आणि म्हणालो स्टाइल आहे, तर घेशील?"

दुकानात बटण शोधायला आलेला केमिस्ट खो खो हसला. तिथेच सगळं बिघडलं. माणूस हरला तर विसरतो, पण एका पायात टाचण्या असताना केमिस्ट हसला तर विसरत नाही. सलूनवाल्याने जाहीर केलं की याचा निकाल चार लोकांत लागला पाहिजे. हॉल घ्यायचा, लोक बोलवायचे, दोघांनी बोलायचं, हात वर करून निकाल. मास्तर जिंकले तर तो आपली मिशी उतरवेल. आणि सलूनवाला जिंकला तर मास्तरांनी त्याच्या खुर्चीत बसून चॅम्पियन कट करून घ्यायचा.

चॅम्पियन कट म्हणजे दोन्ही बाजू तासून सफाचट आणि मध्ये उभा ब्रश. मास्तर साठीला आलेले. त्यांच्या डोक्यावर लग्नापासून एकच भांग, इतका सरळ की नवं गिऱ्हाईक तो भांग बघून शिवायला कापड टाकायचं. सलूनवाल्याच्या दुकानाची पाटी म्हणजे त्याची मिशी, तशी मास्तरांच्या दुकानाची पाटी म्हणजे हा भांग.

"मंजूर," मास्तर म्हणाले आणि दुसरा पाय टाचला.

घरी बायकोने ऐकलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. "अहो, तुम्ही उभ्या आयुष्यात कुणाला ठोसा मारलाय का?"

"त्यात मारायचं काय? नजर असावी लागते. शर्ट घातलेला माणूस बघितला की कुठला टाका कुठे चुकला ते मला सांगता येतं. तसंच आहे हे."

"आणि तो कट केलात तर माझ्याबरोबर बाहेर यायचं नाही."

"अगं, करायची वेळच येणार नाही."

असा आत्मविश्वास. पुढचे तीन आठवडे मास्तर ज्याला त्याला डावा हात समजावत होते. गिऱ्हाईक छातीचं माप द्यायला आलं की त्याचा डावा हात छातीशी धरून, "आता मार मला! मारून दाखव! बघ, येतो का?" केमिस्ट पटला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी बॉक्सिंग कधी बघितलं नव्हतं, त्याही जिन्यात भेटेल त्याला म्हणायला लागल्या, "डाव्या हातात काही दम नाही हो मेल्याच्या." सल्ले तर इतके आले की विचारू नका. एक म्हणाला आकडे द्या, दुसरा म्हणाला आकडे नको, किस्से द्या. काकू म्हणाल्या, आवाज खालून काढा, पोटातून. मेहुणा म्हणाला, "दाजी, जाहिरात माझ्याकडे सोडा," आणि मास्तरांनी सोडली. हीच चूक. मेहुण्याने पत्रकं छापली. वर ठळक अक्षरात, "अर्धा बॉक्सर?" आणि खाली त्याहून ठळक, "मास्तर सगळं उघड करणार!"

"सगळं म्हणजे काय रे?" मास्तरांनी विचारलं.

"ते लोकांना हॉलमध्ये आल्यावर कळेल ना, दाजी. आधीच सांगितलं तर येतील कशाला?"

हॉल नगरपालिकेचा. परवानगी द्यायला एक क्लार्क, ज्याच्या शर्टाचा डावा खांदा पाऊण इंच खाली उतरलेला. मास्तरांना बोलता बोलता तेवढंच दिसत होतं.

"विषय काय?"

"चॅम्पियनला लोकांनी वाजवीपेक्षा मोठं केलंय का, यावर वाद."

"कसला चॅम्पियन?"

"बॉक्सिंगचा."

क्लार्कने पेन ठेवलं. पांढरा अर्ज परत घेतला आणि खणातून निळा काढला. "बॉक्सिंग असेल तर निळा लागतो."

निळ्या अर्जात डॉक्टर हवा होता. स्ट्रेचर हवं होतं. चारी बाजूंनी दोर, घंटा, आणि दोन्ही खेळाडूंची वजनं.

"साहेब, आम्ही नुसतं बोलणार आहोत."

"बोलताना वाढतं," क्लार्क म्हणाला. माणसाला अनुभव असावा. "वजन लिहा. आणि दातांवर घालायचं रबर आणलंय का?"

"ते घातलं तर बोलणार कसं?"

"तो रकाना माझ्या अर्जात नाही."

मग काय, केमिस्टच्या काट्यावर दोघांची वजनं झाली. सलूनवाला मास्तरांपेक्षा अकरा किलोने जास्त भरला, त्यावरून क्लार्कने दोघं एका गटात बसत नाहीत म्हणून अर्ज आठवडाभर अडवून ठेवला. शेवटी मास्तरांनी खिशात मोठी कात्री, लोखंडी इस्त्रीचा ठोकळा आणि धाग्याची रिळं भरून पुन्हा वजन केलं, तेव्हा गट जुळला. डॉक्टर म्हणून दातांचे डॉक्टर तयार झाले. तेवढेच जवळ होते.

शिक्का मारता मारता क्लार्क म्हणाला, "तुम्ही टेलर ना? कोट शिवता?"

"कोटच शिवतो. बाकीचं पोटासाठी."

"मग एक काम करा. पुढच्या रविवारी चॅम्पियनचा सत्कार आहे आपल्याकडे. नगरपालिकेतर्फे कोट द्यायचाय. आमचा नेहमीचा टेलर पडला आजारी. मंगळवारी दुपारी त्यांना माप द्यायला पाठवतो. बोभाटा करू नका, गर्दी होईल."

मास्तरांनी क्षणभर विचार केला. मत वेगळं, धंदा वेगळा. "पाठवा," म्हणाले. आणि खरं सांगायचं तर मनात गुदगुल्या झाल्या. वाद होता या रविवारी. त्याच्या पाच दिवस आधी प्रत्यक्ष तो डावा हात आपल्या टेपखाली येणार!

मंगळवारी दुपारी सगळी दुकानं डुलकी घेत होती. सलूनचं शटर बंद. मास्तरांनी आपलं अर्धं ओढून ठेवलं होतं. त्या अर्ध्या शटरखालून वाकून एक दरवाजाएवढा माणूस आत आला आणि आत येऊन उभाच राहिला. काचेवर मेहुण्याने चिकटवलेलं पत्रक वाचत.

"मास्तर तुम्हीच का?" आवाज अगदी मऊ.

"मीच."

"हे 'सगळं उघड करणार' म्हणजे काय करणार?"

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "ते मेहुण्याने लिहिलंय. तुम्ही या, उजेडात उभे राहा."

मापं सुरू झाली. छाती, पाठ, कंबर. उजवी बाही सव्वीस इंच. मास्तरांनी वहीत लिहिलं. मग डावीकडे आले.

"हात सरळ सोडा."

"सरळच सोडलाय."

"नाही, मोकळा. पूर्ण खाली."

चॅम्पियनने नजर पत्रकाकडे वळवली. मास्तरांनी टेप लावला. चोवीस. पुन्हा लावला. चोवीस. मग त्यांनी टेप गळ्यात टाकला आणि कोपराला दोन बोटांनी हात लावला, जसं कापडातली गाठ चाचपतात तसं. हात कोपरात अडकलेला होता. त्यापुढे उघडतच नव्हता. छातीशी ठेवलेला नव्हता तो, छातीशी राहिलेला होता.

"कधीचं हे?"

"सात वर्षांचा असताना भिंतीवरून पडलो. ज्याने बसवला त्याला घाई होती." चॅम्पियनने बाही खाली ओढली. "माझे गुरू आणि डॉक्टर सोडले तर कुणाला माहीत नाही. समोरच्याला वाटतं, मी हात राखून ठेवलाय, कधीही येईल. त्या भीतीनेच जवळ येत नाहीत. अजून दोन सामने आहेत, मास्तर. हा येणारच नाही हे एकदा कळलं, तर पहिल्या राउंडला मला आडवा करतील."

मास्तर खाली बसले. मशीनच्या स्टुलावर. म्हणजे एकतीस सामने या माणसाने एका हातावर मारले होते, दुसरा नुसता दाखवायला. अर्धा बॉक्सर! तीन आठवडे गावभर सांगत फिरलो आपण. अर्ध्याने जर एकतीस मारले असतील, तर लोकांनी याला मोठा केलाय कुठे? अजून पुरेसा केलेलाच नाही!

"कोट नीट बसेल ना?" चॅम्पियनने विचारलं. त्याला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं, हे मास्तरांना कळलं.

"बसेल. माप माझ्या वहीत आणि वही माझ्या खणात. वडिलांनी मला शिवण कमी शिकवली, पण एक गोष्ट पक्की शिकवली. गिऱ्हाइकाचं माप तिसऱ्याच्या कानावर जायचं नाही. माझ्या बायकोने तीस वर्षांत ती वही उघडलेली नाही."

चॅम्पियन हसला. जाताना शटरखाली वाकून म्हणाला, "रविवारी मी येतो ऐकायला. टोपी घालून मागे बसेन. सगळे कौतुकच करतात. विरोधात कोणी बोललं तर ऐकून ठेवावं म्हणतो."

आता बघा पंचाईत. मास्तरांनी भाषणाचे कागद काढले, सात पानं, आणि त्यातून डावा हात खोडत गेले. शेवटी उरलं "नमस्कार मंडळी" आणि "एवढं बोलून मी खाली बसतो". बोलायचं कसं? आणि डाव्या हाताचंच बोलावं तर तीनशे माणसं आणि बातमी लिहायला येणारा पेपरवाला विचार करत घरी जाणार, की खरंच की, हा हात लांब का टाकत नसेल? त्यातल्या एकालाही उत्तर सुचलं की झालं. माघार घ्यावी तर लोक म्हणणार, काहीतरी कळलं असणार मास्तरांना. बायको म्हणाली, "तुमचं जेवणात लक्ष नाही. काय झालंय?" तर हे म्हणे, "बाहीचा विचार करतोय." खोटंही नव्हतं.

रविवारी हॉल भरला. क्लार्क जातीने हजर, हातात घंटा. स्टेजच्या चारी बाजूंना जाड दोर, कोपऱ्यात स्ट्रेचर, शेजारी दातांचे डॉक्टर पांढऱ्या कोटात. अध्यक्ष केमिस्ट. वक्त्यांनी दोराखालून वाकून आत जायचं. शेवटच्या रांगेत टोपीवाला दरवाजाएवढा माणूस अंग चोरून बसला होता. त्याच्या शेजारी नेमक्या काकू. त्यांनी त्याला वाकून सांगितलं, "डाव्या हातात दम नाही हो त्याच्या." तो म्हणाला, "असं का?"

पहिला राउंड सलूनवाल्याचा. तीन मिनिटांत त्याने एकतीस सामने तारखांसकट म्हणून दाखवले. टाळ्या. घंटा. मास्तर दोराखालून वाकले, भांग विस्कटला, तो नीट केला.

"मंडळी," मास्तर म्हणाले, "मी तीन आठवडे जे बोलतोय ते चूक होतं. चॅम्पियन चांगला आहे. खूपच चांगला आहे. एवढं बोलून मी खाली बसतो."

हॉलमध्ये असा सन्नाटा की क्लार्कच्या हातातली घंटा हलकेच वाजली तीही ऐकू आली. मग गोंधळ. "पत्रकात काय होतं?" "सगळं उघड करणार होते ना?" मेहुण्याने डोक्याला हात लावला. आणि सगळ्यात जास्त चिडला तो कोण? सलूनवाला! मास्तरांच्या एकेका मुद्द्यावर त्याने उत्तरं पाठ केली होती. तीन रात्री आरशासमोर उभं राहून केलेली तयारी वाया चाललेली.

"असं नाही चालणार मास्तर! लढा!"

"मान्य केलं ना बाबा. तू जिंकलास."

"असं नको मला! डाव्या हाताचं बोला! तुम्ही विचारत नसाल तर मी विचारतो. तो हात लांब का टाकत नाही तो? सांगा! काय झालंय त्या हाताला? विचारा ना मला, काय झालंय?"

 माणसं खरंच विचार करायला लागली. पेपरवाल्याने वहीचं पान उलटलं. दातांचे डॉक्टर हनुवटीला हात लावून म्हणाले, "हं. कोपराचं काही असू शकेल का?" मागे टोपी खाली झुकली.

आणि मास्तर गरजले. काकूंनी सांगितलं होतं तसे, पोटातून.

"अरे, कसला डावा हात! मी तुझ्या दुकानातला टीव्ही आरशातून बघतो!"

"मग?"

"मग काय? आरशात डाव्याचं उजवं होतं! परवा माझ्या लक्षात आलं. गेली पाच वर्षं मी त्याच्या उजव्या हाताला डावा समजतोय आणि डाव्याला उजवा. सगळं उलटं बघितलंय मी. कुठला हात कुठला, मला काहीच माहीत नाही! हे उघड करायचं होतं मला. झालं का समाधान?"

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग केमिस्ट हसला. मग जे हसू फुटलं ते काय सांगू! लोक बाकांवरून घसरले. चाळीस वर्षं ट्रायलच्या आरशासमोर उभं राहून लोकांच्या बाह्या जोडणारा टेलर, आणि त्याला डावं-उजवं कळत नाही! काकू डोळे पुसायला लागल्या. पेपरवाला लिहायचं सोडून मांडी बडवत होता. कोपराचं सगळे विसरले, डॉक्टरसुद्धा. खरं म्हणजे मास्तरांच्या बोलण्याचा हिशोब नीट मांडला असता तर तो जुळलाच नसता. पण हसणारा माणूस हिशोब मांडत नाही.

मास्तर दोरांच्या मध्ये ताठ उभे होते. समोरच्या रांगेत बायको एकटीच हसत नव्हती. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तीस वर्षांचा संसार. या माणसाने कधी कुणाची डावी बाही उजवीकडे लावलेली नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत? पण तिने पदर नीट केला आणि मग मुद्दाम, मोठ्याने, सगळ्यांबरोबर हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर सलूनच्या खुर्चीत बसले. भांग गेला. बाहेर वीस माणसं बघायला. सलूनवाला मशीन फिरवताना म्हणाला, "मास्तर, डावी बाजू आधी करू की उजवी? का तुम्हाला चालेल कुठलीही?"

मास्तर आरशात बघून म्हणाले, "कर कुठलीही."

तो आठवडा त्यांनी मान खाली घालून कोट शिवला. डावी बाही दोन इंच आखूड, कोपराशी जास्त गोल कापलेली, डाव्या खांद्यात पातळ पॅड जास्तीचं, आणि डावा खिसा किंचित वर, म्हणजे बघणाऱ्याची नजर बाहीवर जाऊन थांबणार नाही. असं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि कुणाला दाखवताही येत नव्हतं. चांगलं झालं होतं म्हणूनच दिसत नव्हतं.

सत्काराच्या दिवशी चॅम्पियन तो कोट घालून स्टेजवर आला आणि हॉल उभा राहिला. सलूनवाला मास्तरांच्या खांद्यावर हात मारून ओरडला, "बघा, बघा! दोन्ही हात कसे एका मापाचे! देवाने फूटपट्टी लावून घडवलाय. आता तरी पटलं का?"

"पटलं," मास्तर म्हणाले.

नंतर चॅम्पियन गर्दीतून वाट काढत खाली आला. मास्तरांच्या डोक्यावरचा ब्रश बघितला. स्वतःच्या डोक्यावर हात फिरवला. दोघांचा कट सारखाच.

"शोभतोय तुम्हाला," तो म्हणाला.

"कोटही शोभतोय."

चॅम्पियनने हात पुढे केला. डावा. तो मास्तरांपर्यंत पुरेना, म्हणून तोच अर्धं पाऊल पुढे आला. मास्तरांनी तो हात दोन्ही हातांनी धरला. सलूनवाला मागून म्हणाला, "बघा, मास्तरांना अजूनही कळत नाहीये कुठला हात द्यायचा!" सगळे हसले. चॅम्पियनही हसला. हात मात्र लवकर सोडला नाही.

सोमवारी सलूनवाला आणखी एका नव्या पँटची ट्रायल द्यायला आला. मास्तर गुडघ्यावर बसले, ओठात चार टाचण्या, डोक्यावर ब्रश.

"मास्तर, सांगून ठेवतो हां. हा उजवा पाय. आणि हा डावा. गोंधळ नको."

"हलू नकोस," मास्तर म्हणाले, "टोचेल."

आणि डाव्या पायातली टाचणी जरा खोल गेली. सलूनवाला हातभर उडाला.

"माफ कर हां," मास्तर म्हणाले, "मला उजवा वाटला."